परात की सूप? कीबोर्डच्या पोटातली प्लेट

(दृश्य: तुरीचं शेत. मग गावातलं सेतू केंद्र, कूलरची घरघर, कीबोर्डवर बोटं.)

पितळी परातीत तुरीचे दाणे टाका, टणटणतील. तेच सुपात टाकले तर नुसती सळसळ. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये, म्हणजे ज्यात दर बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो त्यात, हे परात-सुपाचं काम प्लेट करते.

कीकॅप (बटणाची टोपी) आणि स्विच काढले की खाली दिसतो तो पत्रा म्हणजे प्लेट. जाडी साधारण १.५ मिलिमीटर, दर स्विचला १४ बाय १४ मिलिमीटरचा चौकोन. स्विच त्यात अडकतो, पिना खालच्या सर्किट बोर्डात जातात.

बटण तळाला आदळलं की धक्का प्लेटला बसतो. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ. बोट दगडावर टेकल्यागत थांबतं, आवाज उंच. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा तीसेक पट लवचिक, त्यामुळे ‘टक्’चा ‘ठप्’ होतो. सर्किट बोर्ड ज्या ग्लास-इपॉक्सीचा, त्याच एफआर-४ची प्लेट ॲल्युमिनियम आणि पॉलिकार्बोनेटच्या मधली. दिवसभर दाखले टाइप करणाऱ्याला तीच बरी. तसंही कूलर सुरू असताना आवाजातला फरक कुणाला ऐकू येतोय? बोटांना मात्र कळतो.

पण प्लेट कशावर बसलीय हे आधी बघा. स्वस्त कीबोर्डात बोर्ड तळाच्या खुंट्यांना स्क्रूने आवळलेला असतो. तिथे मऊ प्लेट टाकली तर स्क्रूजवळचं बटण टणक आणि लांबचं दबकं लागतं. प्लेटची कड गास्केटवर, म्हणजे मऊ पट्ट्यांवर टेकलेली असेल, तर ती सगळीकडे बरीचशी सारखी लवते.

(दृश्य: मे महिन्याची दुपार, पत्र्याचं छप्पर.)

आता ऊन. साठ टक्के आकाराच्या, म्हणजे नंबरपॅड आणि बाणांची बटणं नसलेल्या छोट्या कीबोर्डची प्लेट सुमारे २८५ मिलिमीटर लांब. तापमान २० अंशांनी चढलं तर पीओएम प्लास्टिकची प्लेट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पसरते, एफआर-४ची दशांश मिलिमीटरही नाही. पीओएम घ्यायची तर केसमध्ये (कीबोर्डच्या बाहेरच्या खोक्यात) कडेला तेवढी फट हवी.

(दृश्य: टेबलावर उघडलेला कीबोर्ड.)

हॉटस्वॅप बोर्ड असेल, म्हणजे स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये खोचलेले असतील, तर प्लेट बदलणं सोपं. बोर्ड केसबाहेर काढा. आधी चार कोपऱ्यांचे स्विच बसवा, मग मधले. पिन वाकडी दिसली तर चिमट्याने सरळ करा. तशीच रेटली की दुमडते आणि बटण मुकं होतं. सॉकेटला मागून बोटाचा आधार द्या, नाहीतर ते तांब्याच्या पॅडसकट उखडतं. सोल्डर केलेल्या बोर्डात ६१ स्विचचे १२२ सांधे सोडवावे लागतात. निव्वळ आवाजासाठी त्या भानगडीत पडू नये.

स्पेसबार खडखडतोय? तिथे प्लेट निर्दोष. लांब बटण सरळ खाली जावं म्हणून त्याखाली स्टॅबिलायझर असतो, त्याची तार वाजते; तिच्या दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस लावा.