वहीच्या डोक्यावर जे.एम.जे.

[दृश्य : रेघांच्या कागदाचा वरचा भाग. मधोमध पेन्सिलीने लिहिलेली तीन अक्षरं.]

1950च्या दशकातल्या अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा. गृहपाठाच्या कागदावर नाव लिहिण्याआधी मुलं वर तीन अक्षरं लिहायची : जे.एम.जे. म्हणजे जीझस, मेरी, जोसेफ. आपल्याकडे पानाच्या डोक्यावर ‘श्री’ काढून मग गणिताला हात घालायचे, तसंच. त्याखाली नाव, तारीख, विषय. अक्षर ‘पामर’ नावाच्या लेखनपद्धतीच्या वळणाचं, एकसारखं तिरकं, आणि त्या अक्षरालाही प्रगतिपुस्तकात स्वतंत्र रकाना.

वर्गात मुलं पन्नास, कधी साठ. समोर एकच सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी. गृहपाठ किती द्यायचा, उशिरा आणला तर काय करायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. घरी तक्रार घेऊन जायची सोय नव्हती. आईवडील सिस्टरच्याच बाजूने उभे राहायचे.

आज त्या वर्गात बहुतेक ठिकाणी सिस्टर नाही. शिकवणारे जवळजवळ सगळे संसारी शिक्षक-शिक्षिका. आणि डोक्यातला नियम आता छापील आहे. दर वर्षी शाळा सुरू होताना पालकांना एक माहितीपुस्तिका मिळते आणि वाचून, सही करून पोचपावती परत द्यावी लागते. गणवेशाचा मोजा किती उंच हवा इथपासून डबा विसरला तर काय इथपर्यंत सगळं त्यात असतं. आपण थांबणार आहोत मधल्या काही पानांवर : गुण आणि गृहपाठ. शाळेशी पालकांची वादावादी होते, ती बहुतेक वेळा याच पानांवरून.

[दृश्य : फिलाडेल्फियातली विटांची जुनी चर्च, शेजारी तशाच विटांची शाळा.]

आधी थोडा इतिहास, भरभर. 1844 साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या. सरकारी शाळांत कुठलं बायबल वाचायचं, हा वादही त्यामागे होता. प्रोटेस्टंट भाषांतर कॅथलिक मुलांवर लादू नका, असं कॅथलिकांचं म्हणणं होतं. दंगलीत दोन कॅथलिक चर्च जळाली. पुढे याच शहराचे बिशप जॉन न्यूमन यांनी 1850च्या दशकात धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या, पातळीवर शाळांची घडी बसवली. मग 1884 साली बाल्टिमोरच्या परिषदेत बिशपांनी ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीची, शाळा उभी राहिली पाहिजे. सगळीकडे ती राहिली नाही. तरी 1960च्या दशकाच्या मध्यावर सगळ्या कॅथलिक शाळांत मिळून पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. आज सुमारे सतरा लाख आहेत.

आणखी एक साल लक्षात ठेवायला हवं : 1925. ऑरेगन राज्याने मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली होती. धर्मभगिनींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दावा लावला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. म्हणून आजही कॅथलिक शाळेत किती टक्क्यांना ‘ए’ द्यायचा, हे राज्याचं शिक्षण खातं सांगत नाही. ते धर्मप्रांताचं शिक्षण कार्यालय आणि मुख्याध्यापक ठरवतात. शेजारच्या धर्मप्रांतात वेगळं असू शकतं आणि बऱ्याचदा असतंही.

[दृश्य : एकाच इमारतीचा व्हरांडा. एका टोकाला बालवर्गाचे लहानसे कोट, दुसऱ्या टोकाला आठवीची लॉकर.]

या शाळा साधारणपणे बालवर्ग ते आठवी. पाच वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच दारातून आत शिरतात. म्हणजे एकाच पुस्तिकेत दोन वेगवेगळी जगं बसवावी लागतात. खालच्या वर्गांत सहसा टक्के नसतात. ‘जमतं’, ‘जमू लागलंय’, ‘अजून मदत लागते’ अशा अर्थाच्या खुणा असतात. तिसरी-चौथीच्या आसपास कधीतरी अक्षरं सुरू होतात : ए, बी, सी, डी आणि एफ.

आणि इथे खरी गोम आहे. बऱ्याच सरकारी शाळांत 90च्या वर ‘ए’, 80च्या वर ‘बी’, असा सरळ दहा-दहाचा हिशोब असतो. अनेक कॅथलिक शाळांत पट्टी कडक असते. 93ला ‘ए’ सुरू होतो, 85ला ‘बी’, 77ला ‘सी’, आणि 70च्या खाली नापास. आकडे शाळेगणिक थोडे इकडे-तिकडे होतात, पण झुकाव हाच.

हा कडकपणा आला कुठून? अक्षरांच्या पद्धतीचा एक जुना नमुना पाहा. 1897 साली मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने अक्षरं लावली, तेव्हा 95च्या पुढे ‘ए’ होता आणि 75च्या खाली नापास. म्हणजे कॅथलिक शाळांनी पट्टी घट्ट केली, यापेक्षा बाकीच्यांनी ती सैल केली, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. दुसरं कारण चर्चच्या कायद्यातच सापडतं. 1983च्या कॅनन कायद्यातलं 806वं कलम सांगतं की कॅथलिक शाळेचं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान बरोबरीचं असलं पाहिजे. पालक सरकारी शाळांसाठी कर भरतात, वर इथे फी भरतात. त्यांना बरोबरी दाखवायची कशी? कडक पट्टी हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय, असं आमचं मत. शिकवणं तेच, अक्षर फक्त महाग.

[दृश्य : पडद्यावर फळा. दहा आकडे एकाखाली एक.]

आता एक हिशोब पाहू. सहावीतल्या एका मुलीने गणिताचे दहा गृहपाठ केले. नऊ वेळा 90 गुण. एकदा वही घरी राहिली, शून्य. बेरीज 810, सरासरी 81. कडक पट्टीवर 90 म्हणजे ‘बी’ आणि 81 म्हणजे ‘सी’. मुलीला अपूर्णांक येतात. नऊ वेळा आले. दहाव्या दिवशी तिला दप्तर भरता आलं नाही. तरी प्रगतिपुस्तक सांगतं की गणित कच्चं आहे.

शिक्षणतज्ज्ञ डग्लस रीव्ह्ज यांनी 2004 साली शून्याविरुद्ध एक लेख लिहिला, तो अमेरिकेत शिक्षकांमध्ये गाजला. मुद्दा साधा होता. नेहमीच्या सरळ पट्टीवर ए ते डी या पायऱ्या दहा-दहा गुणांच्या, आणि डीपासून शून्यापर्यंतची उडी साठ गुणांची. न दिलेल्या गृहपाठाची शिक्षा वाईट केलेल्या गृहपाठापेक्षा कितीतरी पट मोठी होते. म्हणून काही शाळांनी तळ 50वर बांधला. वरच्याच मुलीला शून्याऐवजी 50 द्या, सरासरी 86 होते. पुन्हा ‘बी’.

कॅथलिक शाळांत हा 50चा तळ सगळ्यांना पटत नाही. ‘काहीच न करता अर्धे गुण?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मग मधली वाट निघते : उशिराच्या प्रत्येक दिवसामागे दहा गुण कमी, ठरावीक दिवसांनंतर शून्य. आजारी पडलात तर जितके दिवस गैरहजर, तितके दिवस सवलत. सहलीसाठी मात्र बहुतेक पुस्तिका हात आखडता घेतात. शाळेच्या दिवसांत फिरायला जाणार असाल, तर आगाऊ गृहपाठ काढून देण्याची जबाबदारी शिक्षकांवर नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे वाक्य झोंबतं. डिसेंबरात पुण्याला जायचं तर नाताळच्या सुट्टीत ते मावत नाही. विमानाचाच येण्याजाण्याचा वेळ धरला तर हातात उरतं काय?

[दृश्य : जुन्या उत्तरपत्रिका. त्यावर लाल शाईचे वेगवेगळे आकडे.]

आणि मुळात हे आकडे कितपत खरे? 1912 साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकीला कुणी 64 दिले, कुणी 98. दुसरीला कुणी 50, कुणी 97. इंग्रजीत असं व्हायचंच, असं लोक म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. गुण 28पासून 95पर्यंत आले. काहींनी अव्यवस्थित आकृतीचे गुण कापले होते, काहींनी नव्हते. शंभर वर्षं उलटली, तरी 92 आणि 93 यांच्यामध्ये ‘बी’ आणि ‘ए’ची भिंत आहेच.

गृहपाठ किती, यावर मात्र आता बऱ्यापैकी एकमत आहे. इयत्तेमागे दहा मिनिटं. पहिलीला दहा, आठवीला ऐंशी. ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर यांनी 2006 साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध दिसतो आणि लहान वर्गांत तो फार क्षीण होतो, असं त्यांना आढळलं. कॅलिफोर्नियाने तर 1901 सालीच पंधरा वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ द्यायला कायद्याने बंदी केली होती. ती काही वर्षांनी उठली. 1957 साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतल्या मुलांच्या दप्तराचं वजन पुन्हा वाढलं.

पुस्तिकेतली मिनिटं ऐकायला छान वाटतात, पण घड्याळ कुणाचं? एकाची वीस मिनिटं ही दुसऱ्याची सव्वा तास असतात. काही शाळा सरळ लिहितात : वेळ संपली की थांबा, पालकांनी कागदावर तसं लिहून सही करावी. आम्ही पाहिलेल्या नियमांत सर्वांत शहाणपणाचं हेच वाक्य.

[दृश्य : मोठं तपकिरी पाकीट, त्यावर सह्यांचे चौकोन.]

सहीवरून आठवलं. पुष्कळ शाळांत आठवड्यातून एक दिवस घरी पाकीट जायचं. तपासलेल्या चाचण्या, नोटिसा, चर्चच्या जत्रेची तिकिटं, सगळं त्यात. एका घरातली तीन भावंडं शाळेत असली तर पाकीट सर्वांत धाकट्याच्या हाती. थोरला हरवतो, धाकटा आईला लगेच देतो, हा त्यामागचा अनुभव असावा. काही ठिकाणी पाकीट अजून आहे, पण गुण आता फोनवर दिसतात. रात्री साडेनऊला आई ॲप उघडते, शून्य दिसतो आणि मूल झोपेतून उठवलं जातं. शिक्षिकेने तो शून्य फक्त ‘अजून तपासलेलं नाही’ म्हणून टाकलेला असतो, हे सकाळी कळतं.

कॅनन कायद्यातलं 796वं कलम सांगतं की पालकांनी शिक्षकांना जवळून सहकार्य करावं. पुस्तिका त्याच सुरात पालकांना मुलांचे पहिले शिक्षक म्हणते आणि दोन ओळी खाली बजावते की मुलाचा गृहपाठ तुम्ही करू नका.

[दृश्य : प्रगतिपुस्तक उघडलेलं. डावीकडे विषय, उजवीकडे वर्तणूक.]

या शाळांच्या प्रगतिपुस्तकात एक रकाना जुन्या काळापासून वेगळा आहे : वर्तणूक आणि मेहनत. सगळ्या विषयांत ‘ए’ मिळवलेला मुलगा वर्तणुकीत घसरला, तर अनेक शाळांत गुणवंतांच्या यादीतून त्याचं नाव वगळलं जातं. मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्यांना ‘कॅलेंडर’मधली, म्हणजे शाळेच्या डायरीतली, शेऱ्यांची पानं आठवतील. कुळ एकच.

मग विसरलेली वही या रकान्यात का जात नाही? वेळेवर काम न देणं ही सवयीची बाब आहे, अपूर्णांकांची नाही. ज्यांच्याकडे सवयीसाठी शंभर वर्षं वेगळी जागा होती, त्यांनी दोन्ही एकाच सरासरीत कालवावं, हे आम्हाला उमगलेलं नाही. काही शाळा आता हे वेगळं करू लागल्या आहेत. गणिताचा गुण चाचण्यांवरून, गृहपाठाचा शेरा शेजारी. पालकांना सुरुवातीला ते पचत नाही, कारण शेऱ्याला सरासरी नसते.

धर्म हा विषय मात्र बाकीच्यांसारखाच गुणांचा. या शाळांतलं साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नाही. तेही या तासाला बसतं, गृहपाठ करतं, परीक्षा देतं. फक्त संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, घेत नाही. दुसरीतलं पहिलं कम्युनियन असो की पुढचं दृढीकरण, त्याची तयारी तेवढी त्याच्यासाठी नाही. गुण श्रद्धेला नसतात, माहितीला असतात. सात संस्कार कोणते, बायबलमधली चार शुभवर्तमानं (गॉस्पेल) कोणाची. त्यामुळे धर्मात ‘ए’ घेऊन घरी येणारी मुलगी गणपतीच्या आरतीला टाळ वाजवत असते आणि मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) फादरच्या मदतीला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा तिच्या वर्गातला मुलगा ‘सी’वर अडकलेला असतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आठवीत सगळा हिशोब बाहेर जातो. कॅथलिक हायस्कूलचा अर्ज भरायचा. प्रवेशपरीक्षा, सातवीचं प्रगतिपुस्तक, आठवीचे सुरुवातीचे गुण. आणि शिक्षकांनी भरायचा एक शिफारस-फॉर्म. त्या फॉर्मवर बऱ्याचदा दोन वेगळे चौकोन असतात. एकात लिहायचं, मुलाला विषय किती समजतो. दुसऱ्यात, काम वेळेवर करतो का. इतकी वर्षं एकत्र कालवलेलं शिक्षकांना आता त्या दोन चौकोनांत पुन्हा वेगळं करून भरावं लागतं. आणि ते त्यांना सहज जमतं, कारण कोण हुशार आहे आणि कोण वही विसरतो, हे त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत असतं.