आधी घड्याळ, मग खाणावळ

मंडळी, नमस्कार. फ्रान्सच्या खेड्यात जेवायचं कुठे, असा आजचा विषय आहे. 'कुठे'कडे मी येणारच आहे, पण त्याआधी 'किती वाजता' हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये दॉर्दोन्य नदीच्या काठी, सार्ला गावाजवळच्या एका खेड्यात आम्ही दोघं दहा दिवस घर भाड्याने घेऊन राहिलो होतो. पहिल्याच दिवशी बेनाकचा किल्ला बघता बघता उशीर झाला आणि सव्वादोनला आम्ही गावातल्या खाणावळीत पोचलो. दार उघडं, टेबलांवर पावाचा चुरा, आतून कॉफीचा वास. बाई मान हलवून म्हणाल्या, स्वयंपाकघर बंद. मला राग आला, खरंच आला. आपल्याकडे दारी आलेल्याला निदान पोहे तरी मिळतात! घरी जाऊन पाव, चीज आणि टोमॅटो खाल्ले आणि दिवसभर मी धुमसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना गेलो. त्याच बाई, पण आता हसून बसवलं. रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतले कामगार आले, पोस्टाची गाडी बाहेर लागली, साडेबारापर्यंत एक खुर्ची रिकामी नाही. आत रांधायला त्या एकट्या, बाहेर वाढायला त्यांचा नवरा. भिंतीवरच्या पाटीवर खडूने तीनच पदार्थ लिहिलेले. पाऊण वाजता नवऱ्याने ओल्या अंगठ्याने बदकाच्या कॉन्फीची, म्हणजे चरबीत मंद शिजवलेल्या बदकाची, ओळ पुसली. संपलं म्हणजे संपलं. तेव्हा माझा राग निवला. ती बाई संपेल तेवढंच रांधते, म्हणून तर ते ताजं असतं. सव्वादोनला ती मला शिळंच देऊ शकली असती, आणि ते तिने दिलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचं सांगते. सूप संपत आलं तशी त्यांनी वाडग्यात तळाशी उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली, वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि भुरकून प्यायले. याला तिकडे 'शाब्रोल' म्हणतात. आमचे आजोबा आमटीची वाटी अशीच तोंडाला लावायचे. समोरचे काका हसताहेत, म्हणजे त्यांच्या घरीही हेच! युनेस्कोने 2010 मध्ये फ्रेंच लोकांच्या भोजनपरंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. त्या यादीतलं माझं पान म्हणजे हे वाडगं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. तेव्हा 'कुठे'चं भराभर सांगते.

रविवारी रात्री आणि सोमवारी खेड्यातली बरीच दारं बंद असतात, त्या दिवसांचा शिधा आधीच भरा. बाजारात विचारा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. चीज विकणाऱ्याला 'तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता' एवढंच विचारायचं. 'बिस्त्रो द पेई' ही पाटी दिसली तर आत शिरा. छोट्या गावातला कॅफे टिकावा म्हणून ही योजना 1993 मध्ये सुरू झाली. हमरस्त्यावर लाल-निळी गोल 'रुतिए' पाटी म्हणजे ट्रकवाल्यांची खाणावळ, तिथे पोट भरतं. छप्पर असलेल्या पातेल्याचं चिन्ह 2014 पासून आहे. त्याचा अर्थ तिथेच रांधलेलं, पण कच्चा माल गोठवलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा. साधं पाणी आणि पाव यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, कराफ, म्हणजे साध्या पाण्याची सुरई, मागा. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं.

शाकाहारी मंडळींनी नीट ऐका, कारण यात माणसं फसतात. सार्लाचे बटाटे दिसायला निव्वळ बटाटे आणि लसूण, पण परततात बदकाच्या चरबीत. लसणाचं सूपही बहुधा चरबीतच. त्यामुळे विचारल्याशिवाय चमचा लावू नका. ऑम्लेट चालत असेल तर ते मागा, नाहीतर बकरीच्या गरम चीजचं सॅलड, तेही वर बदकाचे तुकडे नकोत असं सांगून.

आणि आदल्या संध्याकाळी फोन करा. बारा खुर्च्यांच्या खाणावळीत दोन माणसं येणार हे कळलं की बाई दोन बटाटे जास्त सोलते. फ्रेंच येत नसेल तरी तीन तुकडे पुरतात: उद्या, दुपारी बारा, दोन माणसं. म्हणा माझ्याबरोबर: दमँ, मिदी, द पेर्सॉन. मागच्या रांगेचा आवाज आला नाही, पुन्हा एकदा!