माठ, बरणी आणि पत्र्याची पेटी

मंडळी, वीज आहे तोवर मुद्द्यावर येतो. मे महिन्यात भर दुपारी धुळ्यात व्याख्यान ठेवायचं म्हणजे संयोजकांची छाती मोठीच म्हणायची.

पारोळ्याकडचे आमचे एक मामा. कापसाचा व्यापार. कोणाच्या किती गाड्या जिनिंगला गेल्या, कोणाचं किती देणं, हे सगळं त्यांनी एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवलं आणि तो पत्र्याच्या पेटीत टाकला. पेटी माळ्यावर, वर तापलेलं छप्पर. पाच-सहा उन्हाळ्यांनी काढला तर निम्म्या फायली उघडेनात. फोनवर पहिलंच वाक्य, "भाचा, मना समदा हिसाब कथा गया?"

हिशोब गेला कुठे, हे कळायला तो राहतो कुठे ते बघावं लागेल.

तुम्ही टाइप करता तेव्हा अक्षरं आधी रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत जातात. आज सगळीकडे असते ती डीरॅम. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना तिचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचं बारीक बटण, आणि विजेचा कणभर साठा धरणारा एक कपॅसिटर, एवढाच तिचा एक कप्पा. हा कप्पा म्हणजे आपला माठ. सारखा झिरपतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक माठ तपासून पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर तापली की झिरपणं वाढतं, मग हीच फेरी ३२ मिलिसेकंदांत. वीज गेली की भरणारा गेला, आणि सेव्ह न केलेलं पत्रही गेलं. लोडशेडिंगनं हा धडा आपल्याला फुकट दिलाय.

पेन ड्राइव्ह, मोबाइलचं मेमरी कार्ड आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क, यांत असते फ्लॅश मेमरी. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. इथे इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी विद्युतरोधक थर देऊन कोंडलेले असतात. माठ नव्हे, दादरा बांधलेली लोणच्याची बरणी. वीज नसली तरी माल आत राहतो. पण प्रत्येक वेळी पुसून लिहिताना तो थर थोडा झिजतो, आणि झिजलेल्या थरातून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. उष्णतेत जास्त वेगानं. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचा निकष असा, की ठरलेलं आयुष्य वापरून संपल्यावरही ती विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवेल. तीस अंश! आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, आणि पत्र्याखालच्या पेटीतलं तर विचारूच नका. मामांच्या बाबतीत माझा संशय उन्हावरच आहे.

हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं. तिथे माहिती चुंबकत्वात असते. १९५६ ची आयबीएमची पहिली डिस्क २४ इंची ५० तबकड्यांची, वजन टनाच्या घरात, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आज तबकडीवरून काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश अंतरानं, वाचणारं-लिहिणारं हेड फिरतं. चालू असताना धक्का बसला की हेड तबकडीला घासतं. सीडी-डीव्हीडीवर वेळ घालवत नाही, नव्या लॅपटॉपला त्यांची फटच उरलेली नाही.

कापसाच्या मुलुखात आलोय, तर विणकामाचं एक सांगूनच टाकतो. अपोलो यानांच्या संगणकाची कायमची मेमरी अक्षरशः विणलेली होती. तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. कारखान्यातल्या बायकांनी हातानं ओवलेली ती मेमरी भरायची जेमतेम ७२ किलोबाइट. माणूस चंद्रावर उतरला तो तेवढ्यात. आपल्या लग्नपत्रिकेचा व्हॉट्सॲपवरचा फोटो याहून जड असतो.

मामांनी आता दोन हार्ड डिस्क घेतल्यात. एक घरात, एक धुळ्याला लेकीकडे. दर लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी डिस्क मांडतात, पूजा झाली की लॅपटॉपला जोडून प्रत्येक फाइल उघडून बघतात. पिनेच्या तोंडात कुंकू जाऊ देऊ नका, एवढं तेवढं मी बजावून ठेवलंय.