डिस्क जुळल्या, पण डेटा बरोबर आहे का?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात रिबिल्ड आणि रिसिंक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. आज मला त्यांतला फरकच सांगायचा आहे, कारण दोन्हींत डेटाला असलेला धोका निरनिराळा आहे.

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून रेड या पद्धतीचा निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क जोडा, आणि एखादी गेली तर बाकीच्यांवरून तिचा डेटा परत काढा, हे त्याचं सार. परत काढायचा कसा? रेड ५ मधल्या तीन डिस्क घ्या. एकीवर ५ आहे, म्हणजे १०१. दुसरीवर ३, म्हणजे ०११. तिसरीवर या दोहोंचा एक्सॉर (अंक वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०), ११०, हीच पॅरिटी. पहिली डिस्क गेली, तर उरलेल्या दोघींचा एक्सॉर करा, १०१ हाती येतो.

रिबिल्ड म्हणजे हाच हिशेब डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करत नव्या डिस्कवर लिहीत जाणं. २० टीबीची डिस्क सेकंदाला २५० एमबी वेगाने लिहिली, तरी २२ तास लागतात. सर्व्हर त्याच वेळी लोकांची कामंही करत असेल, तर आणखी जास्त. तोवर रेड ५ ला दुसरी डिस्क गमावणं परवडत नाही. शिवाय वर्षानुवर्षं कुणी न वाचलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, नेमके तेव्हा वाचावे लागतात, आणि त्यातला एखादा वाचता आला नाही तर तेवढा डेटा गेला. मोठ्या डिस्कसाठी दोन पॅरिटींचं रेड ६ घ्या, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

पण रिबिल्डमध्ये एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कोणती डिस्क नाही. रिसिंकमध्ये, म्हणजे हजर असलेल्याच डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवताना, कोणती चुकली तेच ठाऊक नसतं. लिहिणं चालू असताना वीज गेली, डेटा नवा लिहिला गेला आणि पॅरिटी जुनीच राहिली. सगळ्या डिस्क धडधाकट आहेत, फक्त त्यांचं एकमेकींशी जुळत नाही. अशा वेळी एमडी, म्हणजे लिनक्समधला रेड सांभाळणारा भाग, समोरच्या डेटावरून पॅरिटी नव्याने काढतो. मिरर असेल, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा असेल, तर एका प्रतीवरून दुसरी लिहितो. प्रती जुळतात. निवडलेली प्रत बरोबर होती का, हे तपासायला त्याच्याकडे काहीच नसतं.

यातला सगळ्यात वाईट प्रसंग नीट समजून घ्या. वीज गेली आणि रिसिंक पुरं होण्याआधीच एक डिस्कही गेली. आता शिळ्या पॅरिटीवरून गेलेल्या डिस्कचा ब्लॉक, म्हणजे डेटाचा तुकडा, काढला जातो आणि तो चुकीचा निघतो. त्या ब्लॉकवर त्या क्षणी कुणी लिहीतही नव्हतं! शेजारच्या ब्लॉकचं लिहिणं अर्धवट राहिलं, आणि महिनोन्‌महिने न हललेली फाइल बिघडली. याला राइट होल म्हणतात. एमडीचा बिटमॅप लिहिण्याआधी त्या भागावर खूण करतो, त्यामुळे रिसिंक लवकर आटोपतं आणि धोक्याचा काळ आखडतो. भोक मात्र बुजत नाही. ते बुजवायला वेगळ्या डिस्कवर जर्नल, म्हणजे लिहिण्याची आधीच केलेली नोंद, ठेवता येतं.

सन या कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने मुळावरच उपाय केला. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकात असतो, आणि नवा डेटा जुन्यावर न लिहिता वेगळ्या जागी लिहिला जातो. त्यामुळे दोन प्रती भांडल्या तर खरी कोणती ते कळतं. नवी डिस्क भरताना तो वापरातलेच ब्लॉक उतरवतो. पूल, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा एकत्र साठा, अर्धा रिकामा असेल तर रिकामी जागा चाळत बसत नाही.

एमडीवरच राहायचं असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण चेक चालवा, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून त्या जुळतात का ते पाहा. डेबियन या लिनक्समध्ये तो महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालतो, फक्त कुणी बंद केलेला नाही ना ते पाहा. न वाचता येणारा सेक्टर सापडला, तर सगळ्या डिस्क हजर असतानाच तो पॅरिटीवरून दुरुस्त होतो. न जुळणाऱ्या जागांचा आकडा मात्र शून्य नसेल, तर लगेच रिपेअरची आज्ञा देऊ नका, कारण रिपेअरही रिसिंकसारखाच जुळवून मोकळा होतो. आधी बॅकअपशी फाइली ताडून पाहा.