गुडघ्याएवढं झाड, पण वय विचारा

नमस्कार मंडळी. पळस फुलून आलाय, गहू-हरभरा निघाला की गावोगाव धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवायला सुरुवात होईल, म्हणून आज जरा झाडांबद्दल बोलू. मोठ्या झाडांबद्दल नाही हं, धुऱ्यावर अन् माळावर गवतात लपलेली जी बारकी झुडपं असतात ना, त्यांच्याबद्दल.

माझ्या मामांनी दारव्ह्याकडे थोडी पडीत जमीन घेतली होती. मधल्या धुऱ्यावर पळसाची गुडघ्याएवढी झुडपं, बोटाएवढ्या जाड काड्या. मामा म्हणाले, काही नाही, ही आजच्या आज उपटून टाकू, ट्रॅक्टर फिरवायला मोकळं होईल. सोबत त्यांचा सालदार होता, वयस्कर माणूस, तो काही बोलला नाही, नुसतं हसून कुदळ उचलली. दोन-चार घाव मारले तर खाली बोटाएवढी काडी नाहीच, मांडीएवढं खोड! वरून काळं पडलेलं, जागोजागी जुन्या कापल्याच्या गाठी, अन् त्या गाठीतूनच नवीन कोंब फुटलेले. मग सब्बल आणली, टिकास आणलं, माणूस कमरेपर्यंत खड्ड्यात गेला तरी मूळ आपलं सरळ खाली चाललंय, बारीक व्हायचं नाव नाही. घामाघूम झालेले मामा काठावर बसले तेव्हा म्हातारा बोलला, "पाटील, मी लायना होतो तवापासून पोयाच्या मेढ्याले याच्याच डगाली नेतो. तवाबी हे एवढंच होतं. हे झाड तुमच्याहून मोठं हाय."

मी तिथेच उभा होतो, आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. दर पोळ्याला मेढ्यासाठी, म्हणजे दारात लावायच्या पळसाच्या फांद्यांसाठी, कापलं, दर उन्हाळ्यात पेटवलं, अधेमधे बकऱ्यांनी खाल्लं, अन् तरी ते दर पावसाळ्यात गुडघ्याएवढं होऊन उभं! आणि पुढे काय झालं ते ऐका. मुळाचा वरचा भाग कुऱ्हाडीने तोडून खड्डा बुजवला, तर पुढच्या पावसाळ्यात आजूबाजूच्या मुळ्यांवरून तीन ठिकाणी कोंब. शेवटी मामांनी हात जोडले, एक चांगला सरळ कोंब ठेवला, त्याच्याभोवती बोराटीचे काटे लावले, आणि धुरा पेटवताना तेवढी जागा साफ करून सोडू लागले. काही वर्षांत तो माणसाच्या डोक्याच्या बराच वर गेला. मग त्याला राखायची गरजच उरली नाही, धुरा पेटला तरी खालची पानं करपायची, बस.

तर मुद्दा हा, पुन्हा सांगतो, उंचीवरून झाडाचं वय काढू नका. माळावरची आग गवताची असते, तिची झळ जमिनीपासून साधारण दोन-तीन मीटर. त्याच्या आतला कोंब जळतो, पण मूळ जिवंत राहतं, मुळात साठवलेल्या अन्नावर नवीन कोंब फुटतो, पुढच्या उन्हाळ्यात तो परत जळतो. लागोपाठ काही वर्षं आग चुकली तरच कोंब त्या झळेच्या वर जातो, साल जाड होते, मग तो सुटला. आता तुमच्या गावचा माळ आठवून बघा, म्हातारी मोठी झाडं आहेत, खाली बारकी झुडपंही पुष्कळ, पण मधल्या उंचीची? घरात आजोबा अन् नातवंडं आहेत आणि कर्ती पिढीच नाही, तसं झालंय.

आफ्रिकेत यावर फार काम झालंय. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून जमिनीचे तुकडे पाडून काही दरवर्षी पेटवतात, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात नाही, आणि झाडं मोजतात. 2005 मध्ये महेश शंकरन हे परिसंस्थांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या 850 च्या वर ठिकाणांची माहिती एकत्र मांडली. वर्षाला साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडं किती दाटणार हे पाणी ठरवतं, त्याच्यावर पाऊस असला तर माळ मोकळा राहतो तो आग अन् चरणाऱ्या जनावरांमुळे. आकडा तिकडचा आहे, आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, पण पाऊस, आग आणि जनावरं, ही तिन्ही मिळून झाडं ठरवतात हे लक्षात ठेवा.

आणि हो, माळ म्हणजे वाया गेलेली जमीन नाही! दिसला माळ की खड्डे खणा अन् झाडं लावा, हे मला अजिबात पटत नाही. वाशिमचं कारंजा-सोहोळ अभयारण्य बघा, काळवीट मोकळ्या गवतावर जगतं, तणमोर या पक्ष्यालाही गवतच लागतं. गवताला ऊन हवं, दाट सावली केली की गवत गेलं, मग ढोरांनी खायचं काय? तसाही ज्वारीचा पेरा उरला नाही, कडबा बघायला मिळत नाही, सगळीकडे सोयाबीन अन् कपाशी, आणि ढोरकी, म्हणजे गुराखी, शोधून सापडत नाही कारण त्या कामाला आपण मान दिला नाही अन् पैसाही दिला नाही.

असो. यंदा धुरा पेटवायच्या आधी एकदा फिरून या. पळस, तेंदू, मोह, जे असेल त्यातला एखादा सरळ कोंब निवडा, चिंधी बांधा, भोवतालचं गवत हाताने काढा, काटे लावा. एका वर्षाने भागत नाही, डोक्याच्या बराच वर जाईपर्यंत राखावं लागतं. मोहाखाली फुलं वेचायला पालापाचोळा जाळता तेव्हा तर बारकं रोप हमखास जातं, झाडून काढला तरी फुलं वेचता येतात. आणि टोरी, म्हणजे मोहाचं बी, वेचताना थोडी बाजूला ठेवा. ती फार दिवस टिकत नाही, सुकली की उगवायची नाही, म्हणून जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडला की लगेच लावायची. नमस्कार.