बांगडीच्या आतल्या बाजूला

(दृश्य: भिंगाखाली सोन्याची बांगडी)

नीट पाहा. तीन खुणा आहेत. भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, त्याशेजारी '२२के९१६', आणि मग सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा. हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा हा शिक्का, सक्तीचं असलेल्या जिल्ह्यांत १ एप्रिल २०२३ पासून नवा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. घरातल्या जुन्या दागिन्यांवरचा चार खुणांचा शिक्का मात्र आजही ग्राह्य आहे.

२२के म्हणजे बावीस कॅरेट, ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. अठरा कॅरेटला ७५०, चौदाला ५८५.

(दृश्य: तपासणी केंद्रातली भट्टी)

हा शिक्का सराफ मारत नाही, मान्यताप्राप्त केंद्र मारतं. आधी क्ष-किरण यंत्र. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा जाड असला तर फसतं. म्हणून नमुन्याचा कण कापून, चांदी मिसळून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत जातो. तांबं आणि शिसं सच्छिद्र मुशीत मुरतं, उरतो सोन्या-चांदीचा मणी. तो चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. राहिलेलं सोनं तोलायचं. जोडकाम जास्त असेल तिथे सांधे जोडायला वापरलेलं डागाचं हलकं सोनं अख्ख्या दागिन्याचा कस खाली ओढतं.

२ ग्रॅमच्या आतली नथ किंवा बुगडी बिनशिक्क्याची विकणं गुन्हा नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ कामालाही सूट आहे.

(दृश्य: तराजू, शेजारी बिलबुक)

शिक्का बोलतो फक्त कसाबद्दल. वजन आणि घडणावळ बिलावर पाहायची, आणि खरी गल्लत तिथेच होते. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख असते, मंगळसूत्रात काळे मणी. ते वजा करून सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क बिलावर वेगवेगळं हवं. हे शुल्क नगावर असतं, वजनावर नाही. टक्केवारीत लावलेलं दिसलं तर तिथेच विचारा.

पैसे देण्याआधी बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाका. हातात बांगडी आणि पडद्यावर अंगठी आली, तर क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. कसाचीच शंका असेल तर केंद्रात शुल्क भरून ग्राहकालाही तपासणी करून घेता येते. ९१६ म्हणून घेतलेला १० ग्रॅमचा दागिना ९०० निघाला, तर तूट ०.१६ ग्रॅम शुद्ध सोन्याची. नियमानुसार तिच्या किमतीच्या दुप्पट रक्कम, शिवाय तपासणीचा खर्च, विक्रेत्याने द्यायचा असतो.