उघड्या ट्रेलरवरचे पहिले दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे कधी पनवेलजवळच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलात तर ट्रेलरांची रांग दिसेल. पुढे घोडा, म्हणजे इंजिनवाली कॅबिन, मागे चाळीस फुटी सपाट पाट. ना फाळका, ना छप्पर. त्यावर कुठे कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, कुठे प्लेटा, कुठे सळया. या रांगेत मी बावीस वर्षं काढली. आज बोलणार आहे ते ज्या पोराच्या हातात हेवीचं लायसन नुकतंच पडलंय आणि ज्याला सपाट ट्रेलरवर जायचंय, त्याच्याशी.

लायसनचं थोडक्यात सांगतो. मालवाहू गाडीला वयाची २० वर्षं पुरी लागतात आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन घेऊन वर्ष झालेलं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ साली गेली. बाकीचं आरटीओत कळेल. खरी शाळा त्यानंतर सुरू होते, आणि ती स्टेअरिंगवर नसते, पाटावर असते.

बंद कंटेनरवाल्याला सील बघायचं, निघायचं. आपला माल उघड्यावर. तो पडला तर मागच्या मोटारसायकलवाल्यावर पडतो, सरकला तर आपल्याच पाठीत येतो. गाडी चाळीसच्या स्पीडला असते, मालही चाळीसने पळत असतो. तुम्ही ब्रेक दाबता तो चाकांना. मालाला तो कोण सांगणार? कडक ब्रेकला मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर पुढे येतो, असा हिशेब जाणकार धरतात. म्हणजे २० टनांची कॉइल १६ टनांच्या ताकदीने कॅबिनकडे ढकलते. हा आकडा मला फार उशिरा कळला. त्याआधी गोवा रस्त्यावरच्या कर्नाळ्याच्या खिंडीने कळवलं होतं.

दुसराच महिना होता. मी क्लीनर कम शिकाऊ, उस्ताद गाडीवर. कळंबोलीहून गोव्याला कॉइल चालली होती, आषाढातला पाऊस. कॉइल सॅडलवर, म्हणजे तिच्या बैठकीवर ठेवली, पुढे-मागे लाकडी पाचर ठोकली, साखळ्या आवळल्या. पळस्प्याला चहाला थांबलो तेव्हा उस्ताद म्हणाले, "उतरून बघितलंस का रे?" मी म्हणालो, "हो, बघितलं." बघितलं नव्हतं. पावसात कोण उतरणार! लाकूड भिजलं की दबतं, आणि लाकूड दबलं की साखळी सैल पडते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक. खिंडीच्या वळणावर पुढून एसटी आली, उस्तादांनी ब्रेक दाबला आणि पाठीमागून दण्णकन आवाज आला. अख्खी कॅबिन हलली. उतरून पाहिलं तर कॉइल वीतभर पुढे आलेली, पाचर उभी चिरलेली. सॅडलच्या कडेने तिला अडवलं म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय. हायड्रा क्रेन मागवली, चार तास गेले, हायड्राचं भाडं माझ्या भत्त्यातून कापलं. उस्ताद शिवी देतील म्हणून मी वाट बघत होतो. दिली नाही. तेच जास्त लागलं.

अमेरिकेत तर याचा कायदाच आहे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत, उतरून बांधणी बघायची. आपल्याकडच्या रस्त्यांवर ८० फार झाले. मी पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला उतरतो, मग घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर.

सळयांचं वेगळंच. त्या बाहेर लोंबकळल्या तर मागच्याच्या छातीत जातात. म्हणून २०१४ पासून गाडीबाहेर सळई काढायला परवानगीच नाही. "मीटरभर चालतं रे" असं कोणी म्हणालं तर ते जुन्या काळातलं समजा. पट्टा सळईच्या किंवा प्लेटच्या कडेवर घासून कापला जातो, म्हणून मध्ये जुन्या टायरचा तुकडा घालायचा. आमच्याकडे असे तुकडे सीटखाली भरलेले असतात. बायको म्हणते, गाडी आहे की भंगारचं दुकान.

ओव्हरलोडबद्दल एकच बोलतो. मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा २०१८ मध्ये ४९ टनांवरून ५५ टन झाली, पण तुमच्या गाडीला किती, हे तिच्या एक्सलवर ठरतं आणि ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. वजनकाट्याची पावती हातात आल्याशिवाय कारखान्याचं फाटक सोडू नका. भरणारा माणूस घाईत असतो, सही मागतो. सही आधी, काटा नंतर, असं मी एका ठिकाणी केलं आणि दंड मला बसला. ई-वे बिल, म्हणजे मालाचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, तोही बघा, ते दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. वाटेत दोन दिवस अडकलात तर मुदत वाढवून घ्यायला मालकाला फोन करा.

आणि गाडीवर चढण्याआधी मालकाला विचारा: हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिली त्या दिवसांचे पैसे, कोण देणार, पट्टे-साखळ्या कोणाच्या, ताडपत्री फाटली तर कोणाच्या खिशातून. पोरं लाजतात विचारायला. तीन दिवस फाटकावर उपाशी उभं राहिल्यावर लाज जाते, पण तोवर ठरवायची वेळ गेलेली असते. कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या गुळगुळीत पत्र्याच्या कॉइलवर पाणी गेलं की गंज, आणि गंजाचं भाड्यातून कापतात. म्हणून ताडपत्री आधी उलगडून उजेडाला धरायची, भोकं तिथे दिसतात.

पट्टा आवळला की त्यावर तळहाताने थाप मारायची. ताणलेला पट्टा ढोलकीसारखा बोलतो, सैल पट्टा ओल्या टॉवेलसारखा फटफटतो. उस्ताद असताना मी ते कान देऊन ऐकायचो. आता माझ्या गाडीवरचा पोरगा थाप मारतो आणि मी चहा पिता पिता ऐकतो. काल तिसऱ्या पट्ट्याला आवाज बसका आला, मी काही बोललो नाही. तो स्वतःच पट्टा आवळायच्या रॅचेटकडे वळला.